तिविन्सा: मालकी एकाची, सत्ता दुसऱ्याची

कोर्दियेरा देल कोंदोर या डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, सेनेपा नदीच्या उगमाकडच्या दाट जंगलात तिविन्सा नावाची एक जागा आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये तिच्यासाठी पेरू आणि इक्वेडोर यांचे सैनिक लढले आणि मेले. आज तिथली एक चौरस किलोमीटर जमीन इक्वेडोर सरकारच्या मालकीची आहे, पण ती आहे पेरूच्या हद्दीत, आणि तिथे कायदा पेरूचा चालतो. इक्वेडोरला तिथे चौकी बांधता येत नाही, पोलीस ठेवता येत नाहीत. आपल्या मृत सैनिकांच्या स्मरणाचा सोहळा मात्र करता येतो.

शेतजमिनीच्या व्यवहारात एखाद्याने दुसऱ्या गावात तुकडा घ्यावा, तशी ही मालकी. दक्षिण अमेरिकेतला एक अत्यंत चिघळलेला सीमावाद अखेर या तरतुदीपाशी येऊन मिटला. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी ब्राझिलियात करारावर सह्या झाल्या आणि तेव्हापासून पाव शतकाहून अधिक काळ या दोन देशांत लढाई झालेली नाही. सह्या करणारे दोघेही दोन-सव्वादोन वर्षांच्या आत सत्तेबाहेर गेले. इक्वेडोरच्या हामिल माउआद यांना जानेवारी २००० मध्ये उठावाने घालवले. पेरूचे आल्बेर्तो फुजिमोरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये जाऊन बसले. तह राहिला. माणसे गेली तरी तह कशाच्या बळावर उभा राहिला, हे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नकाशात नसलेली नदी

भांडणाची मुळे स्पॅनिश साम्राज्यात आहेत. वसाहती स्वतंत्र झाल्या, पण जुन्या राजाज्ञांमधून ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेमकी कोणाची हद्द कुठवर जाते, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. जिथे कोणी मोजणीदार पोचला नव्हता तिथे कागदावर प्रांत आखले गेले होते. एकोणिसावे शतक याच वादात गेले, १९१० मध्ये युद्ध तोंडाशी येऊन टळले, आणि जुलै १९४१ मध्ये ते झालेच. पेरूचे सैन्य वरचढ होते. त्याने इक्वेडोरचा एल ओरो हा किनारपट्टीचा प्रांत व्यापला.

तहासाठी जी वेळ आली ती इक्वेडोरच्या दृष्टीने याहून वाईट असू शकली नसती. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकी खंडांतील देशांचे परराष्ट्रमंत्री रिओ दि जानेरोला जमले होते. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. अमेरिकेला जागतिक युद्धासाठी सर्वांची एकजूट हवी होती. दोन शेजाऱ्यांचे भांडण लवकरात लवकर गुंडाळले जाणे तिला सोयीचे होते. एक प्रांत शत्रूच्या ताब्यात असताना इक्वेडोरचे परराष्ट्रमंत्री हुलिओ तोबार दोनोसो यांनी २९ जानेवारीला रिओ करारावर सही केली. ॲमेझॉन खोऱ्यावरचा मोठा दावा सुटला. अर्जेंटिना, ब्राझील, चिले आणि अमेरिका हे चार देश या कराराचे हमीदार झाले.

सीमा दीड हजार किलोमीटरहून लांब. तिचा बहुतेक भाग पुढच्या काही वर्षांत आखला गेला, सीमास्तंभ रोवले गेले. कोंदोरच्या रांगेत मात्र काम अडले. करारात लिहिले होते की सामोरा आणि सांतियागो या दोन नद्यांमधला पाणलोटाचा माथा ही सीमा मानावी. अमेरिकी हवाई दलाने केलेल्या सर्वेक्षणाचे नकाशे १९४७ मध्ये हाती आले, तेव्हा दिसले की या दोन नद्यांच्या मध्ये सेनेपा नावाची तिसरी नदी आहे आणि ती सर्वांना वाटत होते त्यापेक्षा कितीतरी लांब, उत्तरेपर्यंत गेलेली आहे. म्हणजे माथा एक नव्हता, दोन होते. करारातली रेघ जमिनीवर ओढायची कुठे?

पेरूचे म्हणणे असे की तपशिलातली ही अडचण आहे, ब्राझीलचे नौदल अधिकारी ब्राझ दियास दे आगियार यांनी १९४५ मध्ये लवाद म्हणून दिलेला निवाडा पुरेसा आहे, तो लावा आणि मोकळे व्हा. इक्वेडोरचे म्हणणे असे की ज्या कराराचे वर्णनच जमिनीला लागू पडत नाही तो करार अमलात आणता येणार नाही. सुमारे ७८ किलोमीटरचा तुकडा आखायचा राहिला आणि पन्नास वर्षे हे घोंगडे भिजत पडले.

नदीची चूक हे निमित्त होते, असे मला वाटते. पाहणी बिनचूक झाली असती तरी इक्वेडोरने दुसरी फट शोधली असती, कारण दुखणे १९४२ च्या टेबलावरचे होते. बंदुकीच्या धाकात सही घेतली, ही भावना तिथल्या दोन पिढ्यांनी शाळेत शिकून घेतली. पाठ्यपुस्तकांतल्या नकाशात देश मारान्योन नदीपर्यंत पसरलेला असे आणि रिओ कराराची रेघ त्यात जखमेसारखी दाखवलेली असे. इक्वेडोर ॲमेझॉनचा देश होता, आहे आणि राहील, हे वाक्य सरकारी कागदांवर छापले जाई. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष होसे मारिया वेलास्को इबार्रा यांनी तो करार रद्दबातल असल्याचे जाहीर केले. पेरूने मग वादच नाकारला: सीमा ठरलेली आहे, तेव्हा चर्चा कसली? एक म्हणे करार नाही, दुसरा म्हणे प्रश्न नाही. १९८१ मध्ये पाकिशा भागात चकमक झाली, आणि तिने हे काहीच बदलले नाही.

सेनेपाचे युद्ध आणि दोन छोट्या कबुल्या

२६ जानेवारी १९९५ ला सुरू झालेले सेनेपाचे युद्ध जेमतेम पाच आठवड्यांचे. इक्वेडोरची तयारी यावेळी चांगली होती. सेनेपाच्या उगमाकडे त्याच्या चौक्या आधीच बसल्या होत्या, आणि जंगल घरासारखे ओळखणारे शुआर जमातीचे जवान त्याच्याकडे होते. १० फेब्रुवारीला त्याच्या विमानांनी पेरूची विमाने पाडली. मृतांचे दोन्हीकडचे आकडे आजही जुळत नाहीत. राष्ट्राध्यक्ष सिक्स्तो दुरान बायेन यांची ‘एक पाऊलही मागे नाही’ ही घोषणा किटोच्या रस्त्यारस्त्यांवर घुमत होती.

या युद्धाने इक्वेडोरला जमीन फारशी दिली नाही, पण मान दिला. १९४१ आणि १९८१ चे अपयश धुतले गेले. हे लिहिताना मला जड जाते, कारण त्या मानाची किंमत वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी दिली. पण ते टाळून हे प्रकरण समजत नाही. हरलेला देश बोलणीला बसतो तेव्हा त्याला प्रत्येक सवलत शरणागती वाटते. बरोबरीने लढलेला देश थोडे सोडू शकतो.

याच दिवसांत दोन्ही देशांनी एकेक छोटी कबुली दिली, आणि पुढच्या साऱ्या बांधकामाचा पाया तीच होती. दुरान बायेन यांनी हमीदार देशांना हाक मारली. हमीदार म्हणजे रिओ कराराचे हमीदार. त्यांना बोलावणे म्हणजे तो करार अस्तित्वात आहे हे मान्य करणे. ३५ वर्षांचा हट्ट असा अलगद सुटला. पेरूने त्याच्या बदल्यात मान्य केले की काही प्रश्न खरोखरच शिल्लक आहेत आणि त्यांवर बोलता येईल. १७ फेब्रुवारीला शस्त्रसंधीच्या इतामाराती जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. त्यानंतरही गोळीबार चालू राहिला, म्हणून २८ फेब्रुवारीला मोंतेविदेओत पुन्हा एकदा शस्त्रसंधी पक्की करावी लागली.

निरीक्षक, आणि निरीक्षकांचा डाग

शस्त्रसंधीनंतर ‘मोमेप’ नावाचे लष्करी निरीक्षक पथक आले. चारही हमीदार देशांचे अधिकारी त्यात होते आणि नेतृत्व ब्राझीलच्या जनरलकडे होते. ५२८ चौरस किलोमीटरचा पट्टा सैन्यमुक्त करण्यात आला. खर्च इक्वेडोर आणि पेरूने स्वतः उचलला. मला ही बाब फार मोलाची वाटते: देखरेखीचे पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याला ती संपवण्याचीही घाई असते आणि तिचे ऐकण्याचीही सवय लागते. पुढे दोन्ही देशांचे अधिकारी याच पथकात सामील झाले. ज्यांनी एकमेकांवर नेम धरला होता ते एकत्र गस्तीचे अहवाल लिहू लागले.

हमीदार मात्र धुतल्या तांदळासारखे नव्हते. युद्ध चालू असताना, फेब्रुवारी १९९५ मध्ये, अर्जेंटिनातून कागदोपत्री व्हेनेझुएलासाठी निघालेली शस्त्रे इक्वेडोरला पोचली. तटस्थ राहण्याची जबाबदारी घेतलेल्या देशाने एका बाजूला रायफली आणि दारूगोळा पुरवला होता. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांच्यावर वर्षानुवर्षे खटला चालला, आणि २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फर्नांदेझ यांनी लिमाला जाऊन पेरूची माफी मागितली. असा विश्वासघात एकट्या मध्यस्थाकडून झाला असता तर सारी प्रक्रिया तिथेच कोसळली असती. हमीदार चार होते, त्यात ब्राझीलचा शब्द वजनदार होता, अमेरिकेचे दूत लुइजी ऐनाउदी चिकाटीने ठाण मांडून बसले होते. म्हणून एक खांब किडका निघाला तरी छप्पर राहिले.

तीन वर्षांचा रेंगाळा

मार्च १९९६ मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या हरकतींच्या याद्या एकमेकांना दिल्या. त्यानंतर बोलणी रखडली. डिसेंबर १९९६ ते एप्रिल १९९७ पेरू लिमातल्या जपानी राजदूताच्या निवासस्थानी झालेल्या ओलीस-प्रकरणात अडकला होता. इक्वेडोरमध्ये फेब्रुवारी १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आब्दाला बुकाराम यांना संसदेने पदावरून दूर केले. दोन्ही देश शस्त्रेही जमवत होते. पेरूने बेलारूसकडून मिग-२९ घेतली, इक्वेडोरने इस्रायलकडून आणखी कफिर लढाऊ विमाने.

या काळातले खरे शहाणपण कामाच्या वाटणीत दिसते. जानेवारी १९९८ मध्ये रिओत वेळापत्रक ठरले आणि विषय चार गटांत विभागले गेले: व्यापार आणि जलवाहतूक, सीमाभागाचा एकत्रित विकास, सीमेची आखणी, आणि परस्पर विश्वास व सुरक्षा. आखणीचा गट अडणार हे सर्वांना ठाऊक होते, पण बाकीचे तीन गट त्याच्यासाठी थांबले नाहीत. रस्ते, नदीतली वाहतूक, सिंचन, वीज यांचे मसुदे तयार होत गेले. सीमेचा तुकडा तेवढा उरला, तेव्हा तो अडवून धरणे म्हणजे तयार ताटावरून उठणे झाले असते. सगळे ठरल्याशिवाय काहीच मान्य नाही, असा हेका कोणी धरला असता तर १९९८ कधी उजाडलेच नसते.

ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९८

माउआद १० ऑगस्ट १९९८ ला पदावर आले तेव्हा डोंगरात दोन्ही सैन्ये पुन्हा समोरासमोर उभी होती. काही ठिकाणी अंतर हाकेचे. एल निन्योच्या पुरांनी इक्वेडोरची किनारपट्टी उद्ध्वस्त झाली होती, तेलाचे भाव पडले होते, तिजोरी रिकामी होती.

पाच दिवसांनी पॅराग्वेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या निमित्ताने माउआद आणि फुजिमोरी आसुन्सियोनमध्ये भेटले. माउआद यांनी मागण्यांची यादी पुढे केली नाही. तुम्ही आठ वर्षे या पदावर आहात, मी चार-पाच दिवस. यातून दोघांना वाट कशी काढता येईल, या सुरात त्यांनी बोलणे उघडले. वाटाघाटींचे अभ्यासक, हार्वर्डचे रॉजर फिशर यांच्याशी त्यांचा परिचय होता आणि त्यांचा सल्लाही ते घेत होते. छायाचित्राविषयीची सूचना फिशर यांचीच: कॅमेऱ्याकडे पाहून हात मिळवू नका, शेजारी बसून एकाच कागदावर वाकलेले दिसा. हस्तांदोलनाच्या छायाचित्रात आपल्या माणसाने काय विकले, हा प्रश्न दोन्हीकडचे लोक विचारतात. एका कागदावर वाकलेली दोन माणसे काम करताना दिसतात. ही युक्ती छोटी, पण माणसाची नाडी ओळखणारी आहे. पुढच्या आठवड्यांत दोघे पुनःपुन्हा भेटले, आणि तरीही शेवटचा तुकडा सुटेना. इक्वेडोरला तिविन्सा सोडता येत नव्हते. तिथे त्याची माणसे पुरलेली होती. पेरूला सार्वभौम भूमी देता येत नव्हती. रिओ करार त्याच्या बाजूचा होता.

मग या प्रकरणातली सर्वांत धाडसी चाल खेळली गेली. दोघांनी हमीदार देशांना सांगितले: तोडगा तुम्ही लिहा. हमीदारांनी अट घातली: तो तोडगा पाहण्याआधीच दोन्ही संसदांनी तो बंधनकारक मानल्याचे ठरवले पाहिजे. ऑक्टोबरच्या मध्यावर किटो आणि लिमा दोन्हीकडच्या संसदांनी तसे ठराव केले. न वाचलेल्या कागदावर आधी सही, असे याचे वर्णन करता येईल आणि लोकशाहीवर प्रेम असलेल्या कोणालाही ते खटकेल. मलाही खटकते. पण उलट शक्यता पाहा. मसुदा आधी संसदेत गेला असता तर प्रत्येक ओळीला एकेक विरोधक मिळाला असता, आणि प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला आपण ती ओळ का लिहिली याचे उत्तर द्यावे लागले असते. आता दोघांनाही म्हणता येत होते की हे मी दिलेले नाही, चार देशांनी ठरवले, आणि आपल्याच संसदेने ते आधी स्वीकारले. १९४२ मध्ये परक्या मंत्र्यांच्या बैठकीत दबावाखाली जे झाले, त्याच्या जागी यावेळी स्वतःच्या लोकप्रतिनिधींनी स्वतःला बांधून घेतले होते. इक्वेडोरच्या मनातली जुनी तक्रार इथे सर्वांत जास्त भरून निघाली असे मी मानतो.

२३ ऑक्टोबरला हमीदारांचे पत्र आले. सीमा कोंदोरच्या माथ्यावरून, म्हणजे मूळ मुद्द्यावर पेरूचे म्हणणे खरे ठरले. तिविन्साचा एक चौरस किलोमीटर इक्वेडोरला खासगी मालकी म्हणून; सार्वभौमत्व पेरूचेच. माथ्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षित वनक्षेत्रे, जिथे सैन्य जाणार नाही. तीन दिवसांनी ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष फर्नांदो एन्रिके कार्दोसो यांच्या यजमानपदाखाली सह्या झाल्या. त्याच दिवशीच्या व्यापार आणि जलवाहतुकीच्या तहाने इक्वेडोरच्या बोटींना ॲमेझॉन आणि तिच्या उपनद्यांत कायमचा मार्ग दिला, आणि पेरूत १५०-१५० हेक्टरांची दोन व्यापारी केंद्रे उभारण्याचा हक्क दिला. ‘ॲमेझॉनचा देश’ हा इक्वेडोरचा दावा नकाशावर हरला आणि नदीत थोडाफार जिंकला. सीमाभागाच्या विकासासाठी दहा वर्षांत ३ अब्ज डॉलर उभे करण्याची योजना जोडलेली होती.

सर्वांना आनंद झाला नाही. पेरूचे परराष्ट्रमंत्री एदुआर्दो फेरेरो यांनी सह्यांपूर्वीच राजीनामा दिला होता. ॲमेझॉनकाठच्या इकितोस शहरात जाळपोळ झाली, माणसे मारली गेली. आपल्या दारातली नदी परक्यांना दिली अशी तिथल्या लोकांची भावना होती. जिंकलेल्या बाजूलाच असा संताप उसळला, यावरून तोल किती नाजूक होता ते कळते. १३ मे १९९९ ला शेवटचा सीमास्तंभ रोवला गेला आणि त्यानंतर निरीक्षक पथक घरी गेले.

नंतर

जुलै २०१७ मध्ये या तहाची परीक्षा झाली. वाकियास या सीमेवरच्या गावी इक्वेडोरने सारुमिया कालव्याच्या काठाने भिंत बांधायला घेतली. कालव्यालगत मोकळी जागा ठेवण्याचे ठरलेले आहे, असे म्हणत पेरूने आपला राजदूत सल्लामसलतीसाठी माघारी बोलावला. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशा बातमीनंतर पलटणी हलल्या असत्या. यावेळी बांधकाम थांबले, राजदूत परत गेला. बोलण्यासाठी जागा तयार होती: २००७ पासून दोन्ही राष्ट्राध्यक्ष आपापल्या मंत्रिमंडळांसह नियमित एकत्र बसतात. २०११ मध्ये त्यांनी सागरी सीमाही पत्रव्यवहाराने पक्की करून टाकली होती.

सगळी वचने पुरी झाली नाहीत. ३ अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरलेल्या मुदतीत गाठले गेले नाही, नदीकाठची ती दोन व्यापारी केंद्रे खऱ्या अर्थाने कधी उभीच राहिली नाहीत. व्यापार मात्र अनेक पटींनी वाढला, तोही मुख्यतः किनाऱ्याच्या रस्त्याने.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो डोंगरातल्या माणसांचा प्रश्न. कोंदोरच्या एका बाजूला शुआर, दुसऱ्या बाजूला वाम्पिस आणि आवाहुन. भाषा जवळच्या, नातीगोती एकमेकांत. युद्धात ते दोन्ही सैन्यांचे वाटाडे आणि जवान होते. तहाच्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती. शांततेने कुटुंबांना पुन्हा भेटता आले, हे खरे. पण शांततेनेच खाणींचा रस्ताही मोकळा झाला. लढाईच्या भीतीने जिथे कंपन्या फिरकत नव्हत्या, तिथे २०१९ मध्ये इक्वेडोरच्या बाजूला मिरादोर ही तांब्याची आणि फ्रुता देल नोर्ते ही सोन्याची खाण सुरू झाली. पेरूच्या बाजूला २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तेही आधी ठरले होते त्यापेक्षा लहान, आणि वगळलेला भाग खाणींसाठी ठेवला अशी आवाहुन लोकांची तक्रार आहे.

आणि भूसुरुंग आहेत. १९९५ मध्ये दोन्ही सैन्यांनी ते पेरले. पावसाने, दरडींनी ते मूळ जागेवरून सरकले, त्यामुळे जुने लष्करी आराखडेही पुरे पडत नाहीत. दोन्ही सैन्यांनी त्यासाठी एक संयुक्त तुकडी उभारली. तिचे जवान गुडघ्यांवर बसून, हातभर जमीन तपासत, सुरुंगशोधक यंत्राच्या आवाजाकडे कान देत पुढे सरकतात. तहाला पंचवीस वर्षे उलटून गेली तरी ते काम संपलेले नव्हते.